चौघांचा साठा

"यात बाबांना चालेल असं काहीच नाही," बायको म्हणाली.

ती स्टुलावर उभी होती, माझ्याकडे पाठ, दोन्ही हात वरच्या फळीत घातलेले. बाहेरच्या खोलीतला बल्ब गेला होता, आणि या घरात जे सापडत नाही ते माझ्या खोलीत असतं असा सगळ्यांचा समज आहे. मी स्टूल धरून खाली उभा होतो. मीठ संपलंय, नळ गळतोय, हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात ती बोलली. आरोप केला असता तर बरं झालं असतं. आरोपाला उत्तर देता येतं, आणि मी उत्तरं तयार ठेवूनच जगणारा माणूस आहे. म्हटलं, काय चालणार नाही? बल्ब शोधता शोधता तिने एकेक डबा बोटाने बाजूला सारला. ही साखर, हा मध, हे ग्लुकोज, हे आटवलेलं गोड दूध, ही चॉकलेटं. जे गोड नाही ते दाणे, बदाम आणि ते दगडासारखे टोस्ट. त्यांना साखर चालत नाही आणि तोंडात दात नाहीत, मग त्यांनी प्यायचं काय, तेल? तेवढ्यात तिला बल्ब सापडला. ती उतरली, हात झटकले आणि कामाला निघून गेली. ती चष्म्याच्या दुकानात असते. दिवसभर लोकांना लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांच्या ओळी वाचायला लावते, त्यामुळे असेल, इतरांच्या आधी तिला दिसतं. वर कोणी नसताना मी स्टूल धरून उभा राहिलो. पलीकडे बाबा खाकरले. आमच्या भिंती अशा, की एकाने गिळलेला घोट दुसऱ्याला ऐकू जातो.

ही खोली खरं तर मुलीची. ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिच्या पलंगाच्या जागी लोखंडी मांडणी आली. शहर बंद पडलं होतं त्या दिवसांत याची सुरुवात झाली. आधी रस्ते बंद झाले, मग दुकानं, मग खालचा दुकानदार शटर अर्धं वर करून ओळखीच्यांनाच माल देऊ लागला, आणि आपण त्याच्या ओळखीत नाही हे मला इतक्या वर्षांनी कळलं. त्याच्यापुढे मी वाकून उभा होतो, शटरखालून त्याचे फक्त पाय दिसत होते. ते पाय मी विसरलेलो नाही. पुढे सगळं उघडलं, तो पुन्हा काका-दादा करायला लागला, मीही हसून बोलतो, पण त्याच्याकडून काडेपेटीसुद्धा घेत नाही. लोक साठा करतात तो हौसेने, म्हणजे मूर्खासारखा. डब्यातल्या भाज्या आणतात, म्हणजे पैसे मोजून पाणी आणतात. मी पोटाला लागेल ते आणलं. माणसाला दिवसाला दोनेक हजार कॅलरी लागतात, पडून राहिला तर कमी, भांडत बसला तर थोड्या जास्त. जागा अपुरी, म्हणून थोड्या जागेत जास्तीत जास्त कॅलरी देईल तेच फळीवर चढलं. जुनं पुढे, नवं मागे, झाकणांभोवती मेण. चौघांना पुरेल एवढा साठा आहे असं मी विचारणाऱ्याला सांगत आलो. न विचारणाऱ्यालाही सांगितलं असेल. इमारतीत मला कोठावळे म्हणतात, अर्थात माझी पाठ वळल्यावर.

कॅलरी मला दुसऱ्याने शिकवायला नकोत. मी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि माझं काम अन्न जाळायचं आहे. कंपन्या आपला माल पाठवतात. तो वाळवायचा, दळायचा, दाबून त्याची गोळी करायची, गोळीला बारीक तार लावायची, जाड पोलादी भांड्यात बंद करायची, आत प्राणवायू भरायचा आणि ते भांडं पाण्यात ठेवून तारेतून वीज सोडायची. आत भडका उडतो, बाहेर काही दिसत नाही. फक्त पाणी जरासं गरम होतं. किती गरम झालं त्यावरून त्या अन्नात किती जीव होता ते काढता येतं. त्या भांड्याला आमच्याकडे बॉम्ब म्हणतात, सगळीकडेच म्हणतात, पण हे एकदा घरी बोललो आणि तेव्हापासून बाबा मला शास्त्रज्ञ म्हणतात. "लोक अन्न शिजवून पोट भरतात, आमचे शास्त्रज्ञ जाळून भरतात." आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी हे वाक्य वाढलं आहे, आणि पाहुणा हसला की माझ्याकडे असं बघतात, जणू हसणं ही माझी परीक्षा आहे आणि मी पुन्हा नापास झालो.

बसमध्ये बसायला मिळालं, तरी बायकोचं वाक्य उतरेना. शेजारी एक जाडजूड माणूस खिडकीवर डोकं टेकून झोपला होता. असा माणूस पाहिला की माझ्या मनात पहिलं येतं ते हे, की याला जास्त लागेल. हे चांगलं नाही, पण मी काय करू? समोरच्या बाईच्या मांडीवर मूल पाव चघळत होतं आणि निम्मा पाव खाली सांडत होतं. एक दिवस ही सगळी माणसं माझ्या दारात उभी असणार, असं मला नेहमी वाटतं. तेव्हा ती माझ्या दाराला धरून असतील तशीच आत्ता बसचा दांडा धरून उभी आहेत, फक्त अजून त्यांना ठाऊक नाही. उतरताना जाडजूड माणसाचा पाय माझ्या पायावर पडला. सॉरी म्हणाला. मी मनात त्याला दार लावून घेतलं.

मागे बहीण आली होती तेव्हा तिला खोली दाखवली. ती माझ्यापेक्षा लहान, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, नवरा गेल्यापासून एकटी. ती दारात उभी राहून हसतच सुटली. म्हणाली, दादा, काही झालं ना, तर मी बॅग भरून सरळ तुझ्याकडेच येणार. असं सगळेच म्हणतात. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, ऑफिसातले म्हणाले, दात काढून म्हणतात आणि मनात खरंच धरून ठेवतात. आयत्या बिळावर नागोबा. दुसऱ्या कोणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. बहिणीने म्हटलं तेव्हा गेली नाही. बाहेरच्या खोलीतून बाबा बोलले, मान न वळवता, "येशील गं, पण तो दार उघडेल तर ना." बहीण पुन्हा हसली. मी हसलो नाही, कारण मला तेव्हा सांगायचं होतं की तुझं मी धरलंय. त्याच आठवड्यात मी आणखी एका माणसाचं सामान आणून लावलं होतं. मी, बायको, मुलगी आणि बहीण. मुलगी वर्षातून फार तर दोनदा येते आणि आली की बाहेरच जेवते. तरी तिला धरलं.

हे चौघे असे मोजले आणि बसमधून उतरलेला मी फूटपाथवर थांबलो. मागून येणारा आपटला, शिव्या देऊन पुढे गेला. चौघे, चौघे, असं मी इतकी वर्षं म्हणत होतो, आणि ऐकणाऱ्याने आपापले चौघे बसवून घेतले होते. बायकोने नक्कीच मी, ती, मुलगी आणि बाबा असे धरले असणार. तिच्या चौघांत बहीण नव्हती आणि माझ्या चौघांत बाबा नव्हते. कोणी कोणाशी खोटं बोललं नव्हतं. जो माणूस भिंतीपलीकडे झोपतो, ज्याचं खाकरणं ऐकून मी सकाळी उठतो, तो माझ्या हिशेबात आलाच नव्हता. विसर पडला, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस आहे, विसरतो. विसरायला काय, चष्मा डोक्यावर ठेवून लोक घरभर शोधतात.

प्रयोगशाळेत त्या दिवशी माझ्यापुढे जी पिशवी आली तिच्यावर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं होतं. वयस्कांसाठीची पावडर. बिनसाखरेची, पाण्यात कालवली की खीर होते, चावायला नको. मी पिशवी हातात घेतली आणि मला हसू यायला हवं होतं, पण राग आला. कारण ही पावडर मी काही पहिल्यांदा जाळत नव्हतो. वर्षातून चार वेळा तरी ती येते. तिचं नाव, तिचा वास, कॅलरी, सगळं मला पाठ होतं, आणि ती कुठल्या दुकानात कुठल्या फळीवर असते तेही ठाऊक होतं, कारण त्याच फळीवरून मी ग्लुकोज उचललं होतं. म्हणजे हात तिच्या शेजारून गेला होता. एकदा नाही, प्रत्येक वेळी. हाताला माहीत होतं आणि मला नव्हतं, असं कोणी म्हणालं तर मी त्याला वेड्यात काढीन. मी गोळी केली, तार लावली, भांडं बंद केलं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आज बटण दाबायला एवढा वेळ का लावताय? मी दाबलं. पाणी गरम झालं. चांगलं गरम झालं. म्हातारा माणूस त्यावर आरामात जगला असता.

विसरलो नव्हतो. दुपारी हात धुताना हे कबूल करावंच लागलं, आणि कबूल केल्यावर वाईट वाटण्याऐवजी अंगात एक जुनी धग चढली. तिचा वास तळलेल्या कांद्याचा आहे. बाबा छापखान्यात फोरमन होते. मी शाळेत असताना छापखान्याला टाळं लागलं आणि ते लागलेलंच राहिलं. रोज सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत, बोलणी करायला म्हणून, आणि दिवेलागणीला परत येत. घरात आई भाताच्या पाण्यात मीठ घालून आम्हा दोघांना देई. पातळ, इतकं पातळ की वाडग्याच्या तळाचं फूल दिसायचं. बहीण लहान होती, ती ते फूल खरवडायची. बाबा आले की आई विचारायची, वाढू? आणि बाबा म्हणायचे, मी बाहेर खाऊन आलोय. आईला त्यात मोठेपणा दिसायचा. ती शेजारणीला सांगायची, स्वतः उपाशी राहतात पण पोरांच्या तोंडचं घेत नाहीत. मी मात्र त्यांचे बूट काढायला खाली बसायचो, आणि ते वाकून माझ्या केसांत हात फिरवायचे तेव्हा त्यांच्या तोंडाचा वास माझ्या नाकाशी यायचा. तळलेला कांदा, लोणी, भाजलेलं मांस. एकदा त्यांच्या मिशीत पावाचा कण होता. सोनेरी, कुरकुरीत. मी त्याच्याकडे टक लावून बघत राहिलो. त्यांना ते कळलं, त्यांनी जिभेने तो कण आत घेतला, आणि माझ्या डोक्यावर हलकेच टपली मारून उठले. ते खरंच खाऊन यायचे. कुणाबरोबर, कशाच्या जिवावर, हे मला आजही माहीत नाही. आई गेली ती त्यांना उपाशी राहणारा समजून गेली. बहीणही तसंच समजते. हे फक्त मला आणि त्यांना माहीत आहे, आणि आम्ही दोघांनी ते कधी उच्चारलेलं नाही. म्हणून तर आम्ही एका घरात राहू शकतो.

संध्याकाळी घरी पोचलो तर इमारतीत वीज नव्हती. जिन्यात वरचे भेटले, म्हणाले, मुख्य चौकात पाण्याची मोठी वाहिनी फुटलीय, रस्ता खचलाय, म्हणून त्या बाजूची वीजच तोडून टाकली. मग माझी पाठ वळताच नेहमीचं दात काढणं, कोठावळेंना काय चिंता. जिना चढेपर्यंत फोन वाजला. बायको होती. बस पुलापलीकडेच अडवल्या होत्या, ती चालत येत होती, बराच वेळ लागणार होता. तिच्या मागे भोंग्यांचा कल्लोळ होता. ती म्हणाली, बाबांनी इंजेक्शन घेतलं असेल, त्यांना आधी खायला द्या, बाकी सगळं मग. मी म्हटलं, देतो. ती म्हणाली, अहो, ऐकलंत ना, आधी. मी म्हटलं, ऐकलं. सकाळच्या वाक्याबद्दल ती काही बोलली नाही.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, समोरच्या स्टुलावर ताटली, चमचा आणि पेला मांडून. इन्सुलिनचं पेन टोपण लावून बाजूला ठेवलेलं. या बाबतीत ते आजही फोरमन आहेत. दिवेलागण झाली की सुई, सुई झाली की ताट, मग जगबुडी होवो. शेगडी विजेची, ती गप्प. फ्रिजमध्ये दुपारचा मऊ भात होता, तो मी ताटलीत काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चमच्याने भाताला टोचून पाहिलं.

"हा गार आहे," ते म्हणाले.

म्हटलं, वीज नाही. ते म्हणाले, गार भात ते खात नाहीत, त्यांच्या पोटात तो बसतो. मग खोलीच्या दिशेने हनुवटी उडवून त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या कोठारात शेगडी आहे ना, स्पिरिटची?"

"ती आणीबाणीसाठी आहे."

"मग ही काय आहे?"

"ही वीज गेली आहे, बाबा."

ते हसले. दात नसलेलं माणूस हसलं की हसण्याला काठ राहत नाही, ते सगळ्या चेहऱ्यावर सांडतं. म्हणाले, दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात नाहीत, आणि आमच्या शास्त्रज्ञांचे चणे तर मेण लावून ठेवलेले. म्हणजे सकाळचं त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलंच होतं. शेगडीचं खोकं काढायला मला फार वेळ लागला नसता. खोक्यावरची पट्टी कापायची, बाटलीचं बूच उघडायचं, एवढंच. पण ते खोकं मी कधीच उघडलेलं नव्हतं, आणि पहिल्यांदा उघडायचं ते यांचा भात गरम करायला, हे माझ्या घशाखाली उतरेना. म्हटलं, खायचा तर हा आहे. नाही तर नका खाऊ. आणि मी तिथून उठून माझ्या खोलीत गेलो.

आत बॅटरी लावून मी कामाला लागलो. म्हटलं, बायको आली की तिला दाखवायचं. एवढ्या साठ्यात एकही वस्तू चालणार नाही, हे शक्यच नाही. मी मागच्या रांगा पुढे काढल्या, तांदळाचे डबे जमिनीवर उतरवले. तांदूळ चालतो, हा बघा तांदूळ. पण तांदूळ शिजवायला जळण लागतं, आणि स्पिरिटच्या बाटल्या मी कशासाठी मोजल्या होत्या ते मला आठवलं, चहासाठी. दुधाची भुकटी सापडली, डब्यावर बारीक अक्षरात साखरयुक्त लिहिलेलं. एकेक डबा बॅटरीच्या उजेडात फिरवून वाचताना मला घाम फुटला. एखाद्याला जाणूनबुजून उपाशी मारायचं ठरवलं असतं, तरी इतकं काटेकोर जमलं नसतं. आणि तरी मी माझ्याशीच भांडत होतो. का म्हणून धरायचं त्यांना? वाडग्याच्या तळाचं फूल खरवडणारी ती पोरगी आज एकटी राहते, तिला मी धरलं, हे काय कमी झालं? त्यांनी आपलं खाऊन घेतलंय. माझ्या लेखी त्यांचा वाटा तेव्हाच देऊन झालाय, लोण्यात तळून. असं मी मनातल्या मनात बोलत होतो, चांगलं ठासून, आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की पलीकडून काही उत्तर येत नाही. म्हणजे खाकरणं नाही, पुटपुटणं नाही, चमचा ताटलीवर आपटणं नाही. आमच्या भिंतीतून नेहमी काही ना काही येतं.

मी गेलो तेव्हा भात तसाच होता. बाबांचा शर्ट अंगाला चिकटला होता, कपाळावरून घाम भुवयांत उतरत होता, आणि उजवा हात मांडीवर आपला आपण थरथरत होता. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या थोडं डावीकडे कोणीतरी उभं असावं तसं तिकडे बघत होते. मी हाक मारली. ते म्हणाले, बूट काढ. जीभ जड झाली होती. पुन्हा म्हणाले, बूट काढ रे. पायांत बूट नव्हते. मला लगेच कळलं. सुई आत गेली होती, तिच्या मागून अन्न गेलंच नव्हतं, आणि रक्तातली साखर पार उतरली होती. मी घास भरवायला चमचा उचलला, पण भात जिभेवरच राहिला, गिळायचं त्यांना सुचत नव्हतं. साखर हवी होती. स्वयंपाकघरात साखर नसते, त्यांच्यामुळेच नसते. या घरातली सगळी साखर माझ्या खोलीत.

ग्लुकोजचा डबा सापडला तो मीच जमिनीवर रचलेल्या तांदळाच्या मागे. मेण लावलेला, बोटाने न निघणारा. मी तो उचलला, काखेत बॅटरी धरली आणि उभा राहिलो. लोकांना वाटेल मी घाबरून उभा राहिलो. तसं नव्हतं. मी अगदी शांत होतो. माझ्या मनात आलं, की हा डबा चौघांचा आहे. बायको अजून पुलापलीकडे असेल. हा डबा सापडायला आणखी थोडा वेळ लागला असता, तर माझ्याकडे कोणीही बोट दाखवू शकलं नसतं, अंधार होता, पसारा होता, मेण घट्ट होतं. इतकं स्वच्छ मला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. पोलादी भांड्यात भडका उडतो तसं ते होतं, बाहेर काहीच दिसत नाही. मग पलीकडून ते पुन्हा म्हणाले, बूट. आता आवाज बारीक होता, लहान मुलाने मागावं तसा, आणि मला त्यांचा भयंकर राग आला, की मरायच्या वेळीसुद्धा हा माणूस मला खाली बसवतोय. त्या रागातच मी चमच्याचा दांडा झाकणाखाली घातला आणि जोर केला. दांडा वाकला. झाकण उडालं, पावडर माझ्या छातीवर सांडली.

त्यांच्यापुढे मी खाली बसलो. ग्लुकोज पेल्यात कालवत बसायला वेळ नव्हता, म्हणून तशीच कोरडी चिमूट त्यांच्या गालाच्या आत चोळली, मग दुसरी. हिरड्या ओल्या, मऊ होत्या. त्यांनी माझं बोट चावलं, म्हणजे हिरड्यांनी दाबलं, आणि सोडेनात. मी दुसऱ्या हाताने पेल्यात पाणी ढवळलं आणि घोट घोट आत सोडलं. पहिला घोट हनुवटीवरून गेला. दुसरा गेला आत. मग त्यांचा गळा हलायला लागला आणि ते पीत राहिले, हावरटासारखे, पेला माझ्या हातातून ओढत. हळूहळू थरथर कमी झाली. डोळे डावीकडून सरकत माझ्यावर आले आणि थांबले. बराच वेळ ते माझ्याकडे, माझ्या छातीवरच्या पांढऱ्या पावडरीकडे आणि डब्याकडे बघत होते.

"मला साखर चालत नाही," ते म्हणाले.

माझे गुडघे दुखत होते, पण उठायला जमेना. खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला मोठ्याने हाका मारत होतं. बाबांनी ओठ चाटले. मग सहज, बाजारात भाव विचारावा तसं विचारलं, "त्या खोलीत मला धरलंच नव्हतंस ना?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. सुटलं, असं म्हणता आलं असतं. सकाळपासून मी तेच म्हणायचा सराव करत होतो.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. पूर्वी छापखान्यातला एखादा कामगार चूक काढायला यायचा आणि ती खरीच निघायची, तेव्हा ते अशी मान हलवत असतील. पेल्याच्या तळाशी राहिलेलं त्यांनी बोटाने पुसून तोंडात घातलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "छापखान्याच्या टाळेबंदीत मीही तुम्हाला धरलं नव्हतं. तुला वास यायचा, मला माहीत होतं."

इतकी वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. ते आलं की काय काय बोलायचं ते माझ्याकडे पाठ होतं, आईचं, बहिणीचं, वाडग्यातल्या फुलाचं, सगळं. आता ते समोर आलं आणि माझ्यापाशी त्याला द्यायला काही नव्हतं, कारण जरा वेळापूर्वी मी काखेत बॅटरी धरून उभा होतो. किती वेळ उभा होतो ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना अंदाज असावा. माझ्यासारखं उभं राहिलेलं दुसरं माणूस या घरात तेच होते. मला ते आवडले नाहीत, त्या क्षणीही आवडले नाहीत, पण एवढं खरं की मला ते नीट कळले, आणि माणूस कळला की त्याचा द्वेष करणं सोपं जात नाही, नुसता राग राहतो.

"भात आण इकडे," ते म्हणाले. "गारच आण."

मी ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. ते जेवू लागले. मऊ गोळा जिभेने टाळूला दाबायचा, मग गिळायचा, असं त्यांचं चालतं, वेळ लागतो. मी पसाऱ्यातून डब्याचं झाकण शोधून आणलं. ते वाकलं होतं, बसेना. उघडलेलं ग्लुकोज हवेने दगड होतं, आता ते साठ्यात जाणार नव्हतं. मी तो डबा कुठे ठेवावा म्हणून हातात धरून उभा होतो, तर बाबांनी घास तोंडात असतानाच हात लांब करून तो माझ्याकडून घेतला आणि खुर्चीत आपल्या कुशीशी, माझ्यापासून लांबच्या बाजूला खोचून ठेवला. जिन्यात बायकोची पावलं वाजली. दार उघडायला वळण्याआधी मी त्यांच्या तोंडावरचा भात पुसायला वाकलो, तेव्हा त्यांच्या श्वासाचा गोड वास माझ्या नाकाशी आला. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. तू जेवलास का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.